दोन सुनांना सारखंच

९ फेब्रुवारी २०२१, मंगळवार

अंजूला गोळ्या सुरू झाल्या. डोक्याच्या.

तिचा भाऊ सिद्धलिंग आज तिला नांदेडहून आणून सोडून गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई तिच्याशी तासभर बोलल्या म्हणे. तासभर! माझ्याशी या घरात शेवटचं कोण तासभर बोललं होतं ते आठवून पाहिलं — नाही आठवलं. सकाळी नाश्ता झाला की एक गोळी, चुकवायची नाही. सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, पुडकं माझ्याच हातात दिलं. "तिला कुठलं ध्यान ऱ्हातंय? तू थोरली हायस. तुझ्या हातानं देत जा."

म्हणजे आता मी नर्स!

गावात वाच्यता करायची नाही. लातुरातले मेडिकलवाले सगळे ओळखीचे. भांडेवाल्या शिवलिंगअप्पांच्या धाकट्या सुनेला डोक्याच्या गोळ्या लागल्या, ही बातमी दोन तासांत गोलाईच्या बाजारात चक्कर मारून परत आमच्या दुकानात येईल. म्हणून पुढच्या गोळ्या सिद्धलिंग अर्धापूरहून पाठवणार. त्याच्या केळीचा टेंपो इकडे येतो, त्यातच.

११ फेब्रुवारी

या घरात दोन सुनांना सगळं सारखंच. अव्वांचा नेम आहे तो. त्यांच्या सासूनं त्यांच्यात आणि जावेत फार दुजाभाव केला, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. अंजू लग्न होऊन आली त्याच दिवशी मला जवळ बसवून म्हणाल्या होत्या, "दोन सुना, दोन लुगडी. एकीला जास्त न्हाई, एकीला कमी न्हाई." आणि खरंच पाळलं. दिवाळीला एकाच रंगाच्या साड्या, एकाच वजनाचे पैंजण. मी अकरा वर्षं आधी आलेली, तरी तेच. शेजारच्या बायका हसायच्या, जुळ्या बहिणी म्हणायच्या.

सप्टेंबरात वीरेशभाऊजी कोरोनानं गेले. माझा धाकटा दीर, अंजूचा नवरा. तेव्हापासून हा नेम उलटा फिरलाय. अंजू हळदीकुंकवाला जात नाही, म्हणून मी जायचं नाही. अंजू हिरव्या बांगड्या घालत नाही, म्हणून माझ्याही वाजायच्या नाहीत. "तिच्या डोळ्यासमोर कशाला?" संक्रांतीला मी कोरीच राहिले. दुःख तिचं, पाळायचं दोघींनी. बरं, पाळलं! पण मग गोळी एकटीलाच का?

लिहून वाचलं आणि हसू आलं. गोळीचा हेवा! पण खोडणार नाही. निदान इथे तरी खरं असावं.

१५ फेब्रुवारी

सकाळी पूजेला बसले. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि हात असा थरथरायला लागला की बेलपान मांडीवर पडलं. अव्वांनी बघितलं. "चित्त कुठं हाय तुझं?"

कुठं असणार! गेल्या मार्चात कोरोना आला तेव्हापासून ते जागेवर नाही. छाती धडधडते. पहाटे तीनलाच जाग येते, मग आढ्याकडे बघत पडून राहायचं. रस्त्यावरून गाडीचा सायरन गेला की मी दारं-खिडक्या लावून घेते. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. भाऊजी गेले तेव्हा तर मी रडलेही नाही, कारण रडायला अंजू होती आणि भाकरी करायला कुणीतरी पाहिजे होतं. मी या घरात आले तेव्हा ते दहावीला होते. माझ्या हातची धपाटी खाऊन वाढले. "वहिनी, आजून एक!" — रोज सकाळी. पण वहिनीला कोण समजवायला येतंय? आलेला प्रत्येक माणूस सरळ आतल्या खोलीत, अंजूकडे. मी चहा ठेवायला.

२० फेब्रुवारी

संगमेश द्राक्षं घेऊन आले. नवऱ्याचं नाव इथे बिनधास्त लिहिते, तोंडानं घेतलं तर अव्वा डोळे वटारतील. पिशवी सरळ अंजूच्या दारात ठेवली. "तिच्या तोंडाला चव न्हाई बिचारीच्या."

माझ्या तोंडाला चव आहे, हे यांना कुणी सांगितलं?

जेवण झाल्यावर हिंमत करून म्हटलं, "मलाबी बरं वाटत नाही. छातीत धडधडतं, झोप नाही. मलाबी त्या डॉक्टरीणबाईंकडं नेता का एकदा?"

मोबाईलमधून मान वर केली. "तुला काय धाड भरलीय? तुझं कुंकू शाबूत हाय. लेकरू हाय. कामून उगं काहीतरी?" मग हसून म्हणाले, "दोघीबी याड्या झालात तर भाकरी कोण करंल?"

वाईट मनानं नाही बोलले, मला माहीत आहे. थट्टाच होती. पण ताट घासताना माझे दात कडकड वाजत होते.

२३ फेब्रुवारी

साक्षी आजपासून काकूच्या खोलीत झोपणार. अव्वांचा हुकूम — "अंजूला एकटं वाटाया नको." साक्षी तर उड्याच मारायला लागली. बारा वर्षांची घोडी, उशी काखेत घेऊन निघाली. काकू वेणी छान घालते, काकू मोबाईल देते, काकू ओरडत नाही.

काकू ओरडत नाही कारण काकूला सकाळी उठून काही करायचं नसतं, बाळा.

माझ्या पोटची ती. पण आता तिच्यातही वाटणी!

२४ फेब्रुवारी

घेतली.

सकाळी अंजूला गोळी दिली. नेहमीसारखी मुठीत घेऊन आत निघून गेली. माझ्यासमोर गिळायचीही हिला लाज! स्वयंपाकघरात मी एकटीच, हातात पाकीट. एक काढली. पाण्याबरोबर घेतली. संपलं.

काय म्हणावं याला? दोन सुनांना दोन. एवढंच केलं.

२६ फेब्रुवारी

पोटात मळमळतंय. तोंड कोरडं. तरी आज पुन्हा घेतली. तिला या गोळ्यांनी बरं वाटणार आणि मी तशीच मरायची — हा कुठला न्याय?

११ मार्च, महाशिवरात्र

काय सांगू! लागू पडली.

आठ-दहा दिवसांपूर्वीच लक्षात आलं होतं, पण दृष्ट लागेल म्हणून लिहिलं नव्हतं. झोप येते. सरळ सकाळी साडेपाचला जाग. आज पूजेला बसले तर हात स्थिर. बेल वाहिला, विभूती लावली, डोळे मिटले आणि छातीत काही नाही. नुसती शांतता. मला रडूच आलं. वर्षभरानंतर आलेलं रडू, भाऊजींसाठी. उपवासाची भगर करताना मी गुणगुणत होते म्हणे, संगमेश म्हणाले, "आज काय स्वारी खुशीत?"

अंजू मात्र तशीच. हो बाई, तीच डॉक्टरीणबाई, तीच गोळी, पण हिचं तोंड तसंच उतरलेलं. भिंतीकडे बघत बसते. अव्वा काळजीत. मला काय वाटलं ते लिहितेच — बरं वाटलं. एक तरी गोष्ट हिच्याआधी मला मिळाली.

मग लगेच लाज वाटली. पण आधी बरंच वाटलं.

२० मार्च

गोळ्या दोघींना पुरत नाहीत. पुरतील कशा, एकीच्या आहेत!

सिद्धलिंगला फोन केला. एक पाकीट टेंपोत भिजलं म्हणून थाप मारली. बिचारा म्हणाला, "अक्का, काळजी करू नका. नांदेडला लॉकडाऊन लागून राहिला पंचवीस तारखेपासून. त्याच्या आधी डबल पाठवतो." शेषेराव टेंपोवाल्यानं आज केळीच्या फण्यांखालून पुडकं काढून दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, चिकाचे डाग पडलेले.

तरी किती दिवस पुरणार? म्हणून अंजूला म्हटलं, "डॉक्टरीणबाईंचा फोन होता. आता एक दिवसाआड घ्यायची म्हणाल्या."

वाटलं विचारेल, उलटतपासणी करेल. नुसती "बरं" म्हणाली. मी रोज घेते. ती एक दिवसाआड. आता हे सारखं नाही, हे मला कळतं. अकरा वर्षं मी तिच्याआधीपासून या घरात राबतेय, ते कुणी मोजलं का?

२ एप्रिल

तिच्याकडे बघवत नाही. तिचा आजार मी लांबवतेय, असं सारखं मनात येतं. मग संध्याकाळी संगमेश दुकानातून येतात आणि पहिला प्रश्न — "अंजू जेवली का?" की सगळी दया कुठल्या कुठे जाते.

१३ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली, पण साड्या नाहीत. अव्वा म्हणाल्या, "अंजूला नवं कसं घ्यावं? वरीससुद्धा झालं न्हाई. मग तुलाबी न्हाई, बाई. दोघीला सारखंच." मी मान हलवली. मला साडी नकोच होती खरं तर. पण मिळाली नाही म्हटल्यावर हवीशी वाटली.

पुन्हा सगळं बंद होणार म्हणतात. दुकानाचं शटर निम्मं वर, निम्मं खाली. आमच्याच गल्लीत चार घरी कोरोना. रेणापूरहून आईचा फोन, "मंजे, लई जपून ऱ्हा गं." मी म्हटलं, जपते. आणि खरंच, मागच्या वर्षीसारखी पोटात आग पडत नाही. गोळी आहे ना!

२१ एप्रिल, बुधवार

आज अंजूनं मला हादरवलं.

मी पोळ्या लाटत होते. मागे येऊन उभी राहिली. "अक्का, मला गोळी रोज देता का? एक दिवसाआड पुरत नाही. गोळीनं बरं वाटून राहिलं मला."

लाटणं हातातच राहिलं. बरं वाटून राहिलं! कुठं बरं वाटतंय? दिसत तर नाही. पण तिनं आजपर्यंत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय तसंच घ्यायचं. मनानं वाढवायची नसते." माझं मलाच नवल वाटलं, किती शहाण्या बाईसारखी बोलले!

ती म्हणाली, "तुम्ही विचारून बघा ना फोन करून."

"विचारते."

विचारणार कुठून! म्हणजे आता हिलाही गोळीची गोडी लागली. माझ्या एका गोष्टीवर हिची नजर गेलीच. लगेच मनात म्हटलं — मंजुश्री, तुझी गोष्ट? ती गोळी तिची आहे. तिच्या नावानं आलीय. तरी रागच आला. राग माझ्यावर यायला पाहिजे होता, तो तिच्यावर आला.

२४ एप्रिल

आता जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागतो. शेषेराव म्हणतो, केळीला चालतं, पण पोलीस लई पिडतात.

२९ एप्रिल

अंजूबाईंचा दानधर्म!

सकाळी ट्रंक उघडून बसली. मला हाक मारली. लग्नातली जांभळी इरकल माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्हाला शोभंल, अक्का. मी कुठं नेसणार?" ती साडी! तिच्या लग्नात सगळ्यांनी वाखाणलेली, मी घरी येऊन तशी शोधायला अख्खी बाजारपेठ पालथी घातलेली. साक्षीला कानातले झुमके दिले. अव्वांना शाल. अव्वा पदरानं डोळे पुसत होत्या. "किती मोठं मन गं माझ्या लेकराचं!" संगमेशच्या तोंडावरही तेच लिहिलेलं होतं.

आणि मी? मला साडी मिळाली तरी मीच लहान झाले. तिचा चेहरा आज किती दिवसांनी शांत होता. देणाऱ्याचा चेहरा शांतच असतो. घेणाऱ्यानं काय करावं?

साडी कपाटात खाली टाकली. नेसणार नाही.

३ मे

टेंपो आला नाही. सिद्धलिंगलाच कोरोना. नांदेडला दवाखान्यात दाखल आहे, ऑक्सिजन नको म्हणाले, देवाची कृपा. पण गोळ्यांचं आता कोण बघणार? अंजूला भावाचं सांगितलं. म्हणाली, "गोळ्या येणार नाहीत का मग?"

भाऊ आजारी, आणि हिला गोळ्यांची चिंता! मला काय अधिकार म्हणा. मलाही आधी तेच सुचलं होतं.

५ मे

पाकिटात शेवटची एक होती.

सकाळी नाश्ता झाला. अंजूचा गोळीचा दिवस होता. ती दारात उभी, हात पुढे केलेला. मी म्हटलं, "संपल्या गं. कालच संपल्या." ती वळून गेली. मी मोरीत जाऊन घेतली, ओंजळीनं पाणी पिऊन. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी नाकारता येणार नाही. शेवटची मी खाल्ली.

८ मे

डोकं गरगरतंय. डोळे एका बाजूला फिरवले की डोक्यात झर्रकन वीज जाते, स्विचला ओल्या हातानं हात लागावा तशी. दिवसातून पन्नास वेळा. साक्षीवर विनाकारण हात उगारला. नंतर बाथरूममध्ये रडले.

१० मे

अव्वांनी मला बाजूला घेतलं. आधी कपाळाला हात लावून बघितला, मग कानात म्हणाल्या, "दिस ऱ्हायलेत काय गं?" या वयात! मी इतकी चिडले की त्याच दचकल्या. मग संगमेशना वाटलं, कोरोना. टेस्टला नेलं, नाकात काडी, आणि रिपोर्ट येईपर्यंत माडीवरच्या खोलीत एकटी. ताट दाराशी. ठेवणारी कोण? अंजू! "अक्का, गरम हाय तोवर जेवा." खाली भाकरीही तीच करतेय. इतके महिने भिंतीकडे बघणारी बाई, आता घर चालवतेय!

तिच्याही गोळ्या संपल्या. पाच दिवस झाले. तिला गरगरत नाही, डोक्यात वीज जात नाही, ती तवा ठेवतेय चुलीवर. माझं मात्र हे असं. देवानं शरीरही तिला माझ्याहून चांगलं दिलंय का? मनाचं दुखणं तिचं, आणि त्याचा त्रास मला!

११ मे

रिपोर्ट निगेटिव्ह. गरगरणं तसंच.

१४ मे, बसवजयंती

घरातच पूजा. मिरवणूक नाही, काही नाही. पुरण अंजूनं घातलं. मऊसूत, एक पोळी फुटली नाही. अव्वा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गोळ्यांनी केली बघा करामत! किती मोकळी झाली पोर." आणि माझ्याकडे बघून, "तुझं काय बिनसलंय गं, मंजे? शिक जरा तिच्याकडनं."

माझ्या हातातली वाटी सुटली. तूप सगळं फरशीवर. अंजूनंच खाली बसून पुसलं.

मी तिचा द्वेष करते. पहिल्यांदा हा शब्द लिहिला. शिक तिच्याकडनं! जिची गोळी खाऊन मी उभी राहिले होते, तिच्याकडनं शिकू?

१६ मे, रविवार

आता सहन होत नव्हतं. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे. सगळे जेवून आडवे झाल्यावर गच्चीवर जाऊन फोन लावला. रविवार, तरी उचलला. मी म्हटलं, "मी अंजू बोलतेय. लातूरहून." खोटं बोलायची आता सवयच झालीय.

गोळ्या संपल्या, टेंपो बंद, दहा-बारा दिवस झाले, गरगरतं, डोक्यात झटके येतात, सारखं रडू येतं — सगळं सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. कुणीतरी माझं ऐकतंय! बोलतच राहावं असं वाटलं. म्हणाल्या, "घाबरू नका. तुम्ही तीन महिने नेमानं घेताय आणि एकदम बंद झाली, म्हणून हे होतंय. बहुतेकांना होतं. मोबाईलवर चिठ्ठी पाठवते, आजच आणा." मग जरा थांबून, "अंजू, बाकी कसं आहे? मागे म्हणाला होतात तसे विचार येतात का अजून?"

कुठले विचार, मला काय ठाऊक! मी "नाही" म्हणून ठेवला. बाईंना अजून काहीतरी विचारायचं होतं.

खाली आले. अंजू निवांत तांदूळ निवडत होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. बंद झाली की त्रास होतो, बहुतेकांना होतो. मला होतोय. हिला काहीच नाही. एक चक्कर नाही! का नाही? कारण हिनं कधी घेतल्याच नाहीत. मूठ मिटून आत जायची ती यासाठीच!

रागानं नुसती लाही लाही झाली. मी इथे तीन महिने चोर म्हणून स्वतःला खाऊन घेतेय, पापाच्या भीतीनं पूजेत डोळे मिटत नाही — आणि हिनं फेकून दिल्या? फुकटच्या होत्या का? मला उजळ माथ्यानं एक तुकडा मिळाला असता तर मी सोनं केलं असतं त्याचं! सगळ्यांचं ऐकायचं, सगळ्यांची दया घ्यायची, आणि औषध मोरीत!

पण मोरीत टाकायच्या तर रोज द्या म्हणून मागितल्या कशाला? म्हणजे टाकल्या नाहीत. आहेत कुठेतरी. आणि असतील तर मला पाहिजेत. मोबाईलवरची चिठ्ठी अंजूच्या नावाची येणार, लातुरात कुठे दाखवू? उद्या ती अंघोळीला गेली की तिची खोली बघते. सापडल्या तर सगळ्या माझ्या.

१७ मे

सापडल्या. भाऊजींचे शर्ट खुंटीवर आहेत तसेच आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही. निळ्याच्या खिशात, रुमालात बांधलेल्या. मी दिलेल्या सगळ्या. एक तोंडात टाकणार, तेवढ्यात डोक्यात डॉक्टरीणबाईंचा आवाज आला — "तसे विचार येतात का अजून?" या रोज एक घ्यायला नव्हत्या, सगळ्या एकदम घ्यायला साठवलेल्या होत्या.

अंजू दारात उभी होती, ओल्या केसांनी. ओरडली नाही. मी म्हटलं, "बाकीच्यांची वाट बघू नको गं. त्या मी खाल्ल्या. फेब्रुवारीपासून तुझ्या गोळ्या मी खातेय."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "तरीच. तरीच पुरेना झाल्या, अक्का."

अव्वांना आणि संगमेशना हाक मारली. सगळं सांगितलं. आधी माझं, मग तिचं. कुणी कुणाला रागावलं नाही. डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालंय, नांदेडला निघायचंय, दोघींनी. संगमेश पासासाठी धावताहेत. तिचा हात मी धरून बसलेय, तो सोडायचा नाही. डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं.